डाव्या खिशातला कण

मित्रांनो, मी पूर्वी एक अख्खा गाऊन होतो. आता मी त्या गाऊनचा डावा खिसा आहे आणि खिशाभोवतीचं वीतभर कापड. माझी कहाणी ऐकून तुमचे डोळे पाणावावेत अशी माझी अपेक्षा नाही. रविवारी सकाळी गाडी पुसायला निघालेल्या एखाद्या गृहस्थाचा हात मध्येच थबकला, तरी मला पुष्कळ झालं.

माझा जन्म शिवणयंत्राखाली, एका आजारी बाईच्या हातून झाला. तिला घरात सगळे ताई म्हणत. धाकटी बहीण थंडीत काकडते हे पाहून ताईने फ्लॅनेलचं कापड आणलं. राखाडी, त्यावर बारीक लाल ठिपके. टेपने माप घेतलं तर बहिणीला आधीच कळेल, म्हणून ताईने तिला घट्ट मिठी मारली आणि हातांनीच माप घेतलं. ते बोटभरही चुकलं नाही. ताईला तासाभरापेक्षा जास्त बसवत नसे, त्यामुळे मला तयार व्हायला अठरा दिवस लागले. बहीण डावखुरी, म्हणून खिसा एकच आणि तोही डावीकडे. त्या खिशाचा शेवटचा कोपरा राहिला आणि लाल दोरा संपला. दुकानापर्यंत जायचं त्राण नव्हतं. ताईने निळा दोरा ओवला, त्या कोपऱ्यावर तीनदा टीप मारली आणि म्हणाली, "आता मी गेले तरी हा कोपरा उसवायचा नाही."

चार महिन्यांनी ताई गेली. कोपरा उसवला नाही.

ताईची ती धाकटी बहीण म्हणजे आमच्या बाई. अकरा हिवाळे मी त्यांच्या अंगावर काढले. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली होती. शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ होते. निवृत्त झाल्यावरही कुणी सहज विचारलं, की अमक्या दवाखान्याचा नंबर काय हो, तर बाई भाजी चिरता चिरता सांगत आणि वर "पण दुपारी एक ते चार उचलत नाहीत" हेही सांगत. त्यांच्या चष्म्याला, पेन्सिलीला आणि कपड्यांच्या चिमट्यांना मीच आसरा देत असे. काही ठेवायचं नसेल तेव्हा त्या नुसताच डावा हात माझ्यात घालून उभ्या राहत. तेव्हा त्यांना ताई आठवत असे. त्या तसं कधी बोलल्या नाहीत, पण हात आत आला की आतलं कळतंच.

आता साहेबांकडे वळतो. मला हे काम आवडीचं आहे.

बाईंचे यजमान वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. आयुष्यभर ते दुकानादुकानांत शिरून किलोची वजनं उचलून पाहत. दहा ग्रॅमची लबाडी त्यांना दारातूनच दिसे. त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी थोडे दिवस घर तपासलं. मग बाईंनी त्यांना एक जुनी, काळी, लांबलचक गाडी घेऊ दिली. घराला शांतता मिळाली आणि गाडीला साहेब मिळाले.

दर रविवारी गाडीचं स्नान असे. आधी नुसतं पाणी, तेही टपापासून खाली. मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. तुमच्यापैकी जे एकाच बादलीत काम उरकतात, त्यांनी साहेबांसमोर ते कबूल करू नये. कामाआधी साहेब घड्याळ, अंगठी आणि पट्टा काढून ठेवत, म्हणजे गाडीला चुकूनही धातू लागायला नको. बायकोशी बोलताना मात्र त्यांनी अशी खबरदारी घेतल्याचं कुणाला आठवत नाही. गाडीवर रात्रंदिवस एक कव्हर असे, बाहेरून जाडजूड आणि आतून पांढऱ्याशुभ्र मऊ फ्लॅनेलच्या अस्तराचं. गाडीचं अस्तर घरातल्या कुठल्याही पांघरुणापेक्षा मऊ होतं. हे कव्हर लक्षात ठेवा.

एका हिवाळ्याच्या तोंडावर साहेबांनी मेणाचा डबा आणला. आतल्या कागदावर लिहिलं होतं, 'मेण लावण्यासाठी जुने, मऊ, पुष्कळदा धुतलेले फ्लॅनेल वापरावे.' साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी मान वर केली, आणि मी दोरीवर वाळत होतो.

जुना होतो, मऊ होतो, अकरा वर्षं धुतलेला होतो. माणसांत ज्या गुणांची कदर होते, त्याच गुणांसाठी कापडाला कात्री लागते. एका कोपराला विरलो होतो, तेवढा पुरावा त्यांना पुरला. गाडीच्या शेडमध्ये नेऊन त्यांनी माझे सात तुकडे केले. अगदी मोजून, सरळ रेषेत, निरीक्षकच ते. बटणं गाडीला ओरखडतील म्हणून पाचही बटणं कापून काढली. टाकायचा स्वभाव नसल्यामुळे ती पितळी वजनांच्या छोट्या डबीत घालून गाडीच्या खणात ठेवली. दोन तुकडे चाकांना गेले, दोन काचांना, दोन दारांच्या कडांना. माझ्यात त्यांना खिसा दिसला. त्यांनी हात आत घातला आणि ते खूश झाले. "वा! हातमोजाच की." बाईंच्या हाताच्या जागी त्यांचा तो थंडगार, मेणकट उजवा हात आला. सूड घ्यायचा हे मी त्याच क्षणी ठरवलं.

शेडची एक भिंत म्हणजे स्वयंपाकघराचीच भिंत, आणि तिला खिडकी आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"अहो, माझा गाऊन पाहिलात का? दोरीवर टाकला होता."

"नाही ब्वा."

"असं कसं? डावीकडून तिसरा, दोन चिमटे लावून टाकला होता. ताईचा गाऊन हो."

मित्रांनो, साहेब वाईट मनाचे नव्हते. मी कुणाचा, कुणी शिवलेला, हे त्यांना तेव्हाच कळलं. गाडीचं इंजिन त्यांनी सहा वेळा उघडून पाहिलं होतं, चौतीस वर्षांच्या संसारात बायकोचं कपाट एकदाही नाही. त्या क्षणी "चूक झाली" एवढं म्हटलं असतं तर दोन दिवस अबोला, चार दिवस टोमणे आणि विषय संपला असता. पण निरीक्षकाला चूक पकडायची सवय असते, कबूल करायची नसते.

"ठेवला असशील कुठंतरी," साहेब म्हणाले. "तुझं हल्ली विसरणं फार वाढलंय."

खिडकीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"माझं?" बाई म्हणाल्या.

तिथून बाईंची तपासणी सुरू झाली, आणि तपासणी करणाऱ्याही त्याच होत्या. कपाटं, ट्रंका, गाद्यांच्या खाली, इस्त्रीवाल्याकडे. दोरी त्यांना स्पष्ट आठवत होती. दोन चिमटे आठवत होते. पण गाऊन नाही म्हणजे आठवण खोटी, आणि एक आठवण खोटी निघाली की बाकीच्यांचा काय भरवसा? पंधरा दिवसांनी बाईंनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर. मीठ. महिन्याभराने त्यांनी एक वही घेतली आणि तिच्यात पाठ असलेले नंबर उतरवायला बसल्या. कुणी फोनवर नंबर विचारला तर म्हणत, "थांबा हं, वहीत बघून सांगते. माझ्यावर विसंबू नका."

शेडमध्ये मेण लावणारा हात त्या वाक्याला थांबत असे. दोनदा साहेबांनी प्रयत्नही केला, हे मी नाइलाजाने सांगतो.

"अगं, तो गाऊन..."

"सापडला?" बाईंच्या आवाजात एवढा उजेड पडला, की साहेबांची बोबडी वळली.

"नाही, म्हणजे... नवीन आणायचा का?"

"ताईने शिवलेला दुकानात मिळतो का?" बाई म्हणाल्या आणि पुन्हा साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी नीट चिकटवू लागल्या.

माझ्याकडे ना हात, ना पाय. मी सुडाने पेटलो होतो असं मी म्हणणार नाही, कारण मेणात भिजलेलं कापड पेटलं तर ते कुणालाच परवडत नाही. मी थांबलो. कापडाला थांबता येतं.

एका रविवारी बाई अचानक चहा घेऊन शेडमध्ये आल्या. साहेबांनी दचकून हातातून मला काढलं, जमिनीवर टाकलं आणि माझ्यावर उभे राहिले. चपलेसकट. पाच मिनिटं ते एका पायावर भार देऊन चहा प्यायले.

"पाय दुखतोय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. छान आहे चहा."

"साखर घातली ना मी?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपातला घोट स्वतः घेऊन पाहिला. साहेब जमिनीकडे बघत राहिले. म्हणजे माझ्याकडे.

साहेबांचा एक कडक नियम होता. जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय रंगाला लावायचं नाही. वाळूचा एक कण पुरतो. हे ते समोरच्या घरात राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना दर आठवड्याला ऐकवत. पण मला धुवायचं कुठं? बाहेरचा नळ स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. धुतलं तर वाळवायचं कुठं? दोरीवर टाकलं तर बाई. ओलं डिकीत कोंबलं तर बुरशी. ज्या माणसाने जन्मभर लोकांची खोटी वजनं जप्त केली, त्याला एक फडका धुवायची सोय उरली नव्हती. साहेबांनी मला तीनदा झटकलं. मग इकडेतिकडे बघून पुन्हा हात आत घातला.

तीनदा झटकल्यावर बाकी सगळी धूळ गेली. एक कण राहिला. निळ्या दोऱ्याच्या कोपऱ्यात, ताईच्या तीन टिपांच्या मध्ये. वाळूचा, टोकदार, मोहरीपेक्षाही लहान. मी त्याला धरून ठेवलं. आयुष्यात मी चष्मे सांभाळले, चिमटे सांभाळले, पण इतक्या जिवापाड काहीही सांभाळलं नाही.

आणि मग बॉनेट. मेण गोल गोल लावायचं असतं, हलक्या हाताने, एका गोलाच्या कडेवर दुसरा गोल येईल असं. साहेबांचा हात फार सुरेख फिरायचा. त्यांच्या प्रत्येक गोलाबरोबर मीही एक गोल काढला. त्यांचा मेणाचा, माझा टोकाचा. त्या रविवारी बॉनेट, पुढच्या रविवारी टप, त्याच्या पुढच्या रविवारी डावं दार. आभाळ तीन आठवडे भरलेलं होतं आणि शेडमध्ये उजेड कमी. साहेबांना नुसती चकाकी दिसत होती. मेण सुकून पांढुरकं झालं की ते बोटाने तपासून बघत, हळूच पुसत आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणत, "आरसा! नुसता आरसा!"

मी म्हणत असे, ऊन पडू दे.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी राहते. तिने आईसाठी डॉक्टरांची वेळ घेतली होती, सोमवारी साडेदहाची. स्मरणशक्तीच्या तपासणीची. बाई फोनवर हो म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. मग वही बंद केली. तीस वर्षं दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून देणारी बाई आता स्वतःच्या डोक्यात कुठली तार तुटली ते तपासून घ्यायला जाणार होती. आणि साहेबांनी काय केलं? "मी गाडीने सोडीन तुला," असं ते म्हणाले. गाडीने! मित्रांनो, मी फ्लॅनेल आहे, माझा स्वभाव मऊ आहे, पण त्या दिवशी तो कण मी आणखी घट्ट आवळला.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, ऊन पडलं. लख्ख.

समोरचे दातांचे डॉक्टर हौशी फोटोग्राफर. जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी ते साहेबांच्या गाडीचा फोटो काढणार होते. साहेबांनी गाडी शेडबाहेर काढली, उन्हात उभी केली, कव्हर ओढलं आणि नाट्यपूर्णरीत्या बाजूला झाले. मी त्यांच्याच हातावर होतो. बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग काढला. मग बॉनेटवर वाकले, खिशातून रुग्णांच्या तोंडात बघायची छोटी बॅटरी काढली आणि उन्हातही ती लावून पाहिलं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "कधीपासून आहे हे?"

"काय?"

"वरचा थर गेलाय हो सगळीकडे."

साहेब वाकले. काळ्या रंगावर, सूर्याभोवती, बारीक बारीक गोल. एकात एक, एकावर एक, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बॉनेटभर, टपभर, डाव्या दारभर. तीन रविवारांची माझी कामगिरी. सांगायला लाज वाटत नाही, फार सुंदर दिसत होती.

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "दोन बादल्या वापरतो मी!"

"बादल्यांचा दोष नाही. कापड बघू तुमचं." डॉक्टरांनी बॉनेटवरून हात लांबवून मला साहेबांच्या हातावरून दात उपटावा तसं उपटलं आणि उलटंसुलटं केलं. "कण असणार यात. महिनोन्‌महिने धुतलेलं दिसत नाही हे. तुम्ही आम्हाला ज्ञान शिकवता आणि स्वतः? वहिनी, एवढं जरा गरम पाण्यातून काढून देता का?"

"नको, नको! मी... मी धुतो!" साहेब धावले. पण साहेब गाडीच्या पलीकडे होते आणि गाडी लांबलचक होती.

डॉक्टरांनी मला बाईंच्या हातात दिलं.

मेणाने मी कडक झालो होतो, काळा पडलो होतो, ठिपके दिसत नव्हते. बाईंनी मला ओळखलं नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. त्या साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आणि तेवढ्यात, सवयीने, त्यांचा डावा हात आपणहून माझ्यात शिरला. थेट कोपऱ्यापर्यंत. बोटांना तीन टिपा लागल्या.

बाईंनी मला उन्हात धरलं. मेणाखालून निळा दोरा दिसला.

डॉक्टरांना काहीच कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. त्यांनी कॅमेरा उचलला आणि कुंपणाचे फोटो काढू लागले.

"बाकीचे तुकडे?" बाईंनी विचारलं.

"डिकीत," साहेब म्हणाले.

"बटणं?"

"पुढच्या खणात. डबीत."

"पाच?"

"पाच." निरीक्षकांनी मान खाली घातली. "अगं, मी सांगणारच होतो..."

"दोरीवर डावीकडून तिसरा होता."

"हो."

"दोन चिमटे लावले होते."

"हो."

"पुन्हा सांगा. नीट ऐकू आलं नाही."

"दोन चिमटे होते," साहेब म्हणाले. "तुला सगळं बरोबर आठवत होतं."

बाई रडल्या नाहीत. आत गेल्या आणि फोन घेऊन बाहेर आल्या. "लेकीला तुम्ही सांगायचं. वही आत आहे, पण राहू दे." आणि त्यांनी नंबर म्हणत म्हणत दाबला. दहाच्या दहा आकडे, एका दमात, तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. मग फोन साहेबांच्या कानाला लावला. "लाइन जोडली आहे. बोला."

साहेब उन्हात, त्या ओरखडलेल्या बॉनेटजवळ उभे राहून बोलले. "आईला काही झालेलं नाही. नाही, नाही, बरी आहे. मीच... गाऊन कापला गं. हो. मावशीचा. गाडी पुसायला." कुंपणापाशी डॉक्टरांच्या कॅमेऱ्याचा आवाज चालूच होता. मग लेकीचं एकच वाक्य मलाही ऐकू आलं. "बाबा, उद्याची वेळ मी रद्द करत नाही. साडेदहाला तुम्ही जा."

तुम्हाला वाटेल, झाला सूड. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी बाईंना कमी लेखलं होतं.

त्या दिवशी डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला बाईंनी सोड्याच्या पाण्यात तीन वेळा उकळलं आणि भर दुपारी दोरीवर टाकलं, डावीकडून तिसरा, दोन चिमटे लावून. साहेब पुढचे चार रविवार पॉलिश घासत राहिले. उथळ ओरखडे गेले, खोल राहिले. दिनदर्शिकेत गाडीचा फोटो आला, तो पाठमोरा. बाई साहेबांशी नेहमीसारख्या बोलत होत्या, चहा देत होत्या, आणि दुपारी दार लावून ताईच्या शिवणयंत्रावर काहीतरी शिवत होत्या.

मग एका सकाळी साहेब शेडमधून आत आले.

"अगं, गाडीचं कव्हर कुठं दिसत नाहीये."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. अंगावर नवाकोरा गाऊन होता. पांढराशुभ्र, मऊ, उंची फ्लॅनेलचा. समोर पाच जुनी बटणं. डावीकडे राखाडी, लाल ठिपक्यांचा एक खिसा, म्हणजे मी. बाईंचा हात माझ्यात होता.

"कव्हर?" बाई म्हणाल्या. "ठेवलं असेल तुम्हीच कुठंतरी. तुमचं हल्ली विसरणं फार वाढलंय हो."

साहेबांनी गाऊन पाहिला. वरपासून खालपर्यंत पाहिला, एकेका शिवणीचं माप घेत. बाई चहा गाळायला वळल्या. त्यांच्या मानेमागे, कॉलरवर, बाईंनी मुद्दाम ठेवलेली कव्हरची छापील पट्टी होती. साहेबांनी ती वाचली. 'ऊन, पाऊस व पक्ष्यांपासून संपूर्ण संरक्षण. आकार : मोठी गाडी.'

मग ते शेडमध्ये गेले आणि गाडीवर एक जुनी चादर टाकली. जुनी म्हणजे कुणाची, हे आधी दोनदा विचारून.

तर मित्रांनो, गाडी जरूर पुसा. दोन बादल्या घ्या, सावलीत काम करा, घड्याळ-अंगठी काढा, मेण पातळ लावा. पडलेलं कापड धुतल्याशिवाय वापरू नका. आणि हाती आलेलं कापड उघड्यावर धुवायची, दोरीवर वाळवायची तुम्हाला भीती वाटत असेल, तर ते खाली ठेवा आणि ज्याचं आहे त्याच्याकडे जा. रंगावरचे ओरखडे घासून जातात. बाईंनी ती वही मात्र अजून टाकलेली नाही, आणि एखादा नंबर सांगून झाल्यावर त्या कधीकधी गुपचूप उघडून बघतात, बरोबर आहे ना. म्हणून मी साहेबांना माफ केलेलं नाही.

तीन वेळा उकळूनही निळ्या दोऱ्यातला तो कण निघाला नाही. बाईंचा हात आत येतो, तेव्हा मी त्याला शिवणीत मागे ओढून घेतो. त्यांना तो आजवर कधी टोचला नाही.

साहेब हल्ली गाडीसाठी बाजारातून नवे फडके आणतात. पण गाऊन दोरीवर वाळत असला, की जाता-येता त्यांची नजर माझ्याकडे जाते. मी जुना आहे, मऊ आहे आणि पुष्कळदा धुतलेला आहे. आणि मी तयार आहे.